सासऱ्यांच्या जागेत घर बांधण्याआधी करायची कागदपत्रं

"जागा पडूनच आहे, घर बांधून घ्या," असं सासरे म्हणतात तेव्हा त्यात माया असते, आणि त्यांच्याकडे कागद मागायला जीव धजत नाही. तरीही मागा. माझ्या नात्यात एका जावयाने सगळी कमाई ओतून बांधलेल्या घराच्या जागेवर सासरे गेल्यानंतर बायकोसोबत तिच्या तीन भावांचीही नावं लागली. यात तलाठ्यांची काही चूक नव्हती. हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नी, आई, मुलगे आणि मुली समान वारस होतात. जावई वारस नाही, आणि नवरा हयात असलेली सूनही नाही. घर कोणाच्या पैशांनी उभं राहिलं, हे वारसनोंद करताना कोणी विचारत नाही.

पहिला प्रश्न: जमीन कोणाची?

चालू सातबारा, ८अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा. शहरात किंवा गावठाणात असाल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ घरपट्टीसाठी असतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही. जमीन सासऱ्यांनी स्वतः घेतलेली असेल तर ती कोणाला द्यायची हे तेच ठरवू शकतात. वडिलोपार्जित असेल तर आधी वाटणी. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही त्यात हिस्सा आहे, म्हणून त्यांच्या सह्या नसलेली वाटणी टिकत नाही.

बक्षीसपत्र कोणाच्या नावे?

बक्षीसपत्र म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करण्याचा दस्त. बहुतेक घरं इथेच चुकतात. महाराष्ट्रात निवासी किंवा शेतीची मालमत्ता मुलगा, मुलगी, पती, पत्नी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा. जावई या यादीत नाही. त्याच्या नावे बक्षीसपत्र केलं तर बाजारमूल्यावर खरेदीखताच्या दराने शुल्क भरावं लागतं. त्यातून जमीन शेतीची आणि जावई शेतकरी नसेल, तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावर बंधन घालणारा कुळकायदा आडवा येतो. म्हणून बक्षीसपत्र मुलीच्याच नावे करा. सून पैसे घालत असेल तर सासऱ्यांनी मुलाला द्यावं आणि मुलाने त्यातला हिस्सा पत्नीला. दोन्ही दस्त सवलतीत बसतात. मोकळा बिनशेती प्लॉट असेल तर तो 'निवासी' धरला जाईल का, हे दुय्यम निबंधकांना आधी विचारून घ्या.

दस्ताला दोन साक्षीदार आणि नोंदणी सक्तीची आहे. आधार, पॅन, फोटो, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि चतुःसीमा बरोबर लागतात. शेतातला लहान तुकडा तोडून देणार असाल तर तुकडेबंदी कायदा पाहा. प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे. काही भागांना सवलत मिळाली आहे. आपला गट त्यात बसतो का, ते तलाठी कार्यालयात विचारा. नोंदणी झाली की फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ती मंजूर झाल्याशिवाय पाया खणू नका.

बांधकाम परवानगी

अर्ज जमीनमालकाच्या नावे होतो. जमीन अजून सासऱ्यांच्या नावे असेल तर सही त्यांचीच लागते, किंवा त्यांचं कुलमुखत्यारपत्र. जमीन शेतीची असेल तर बिनशेतीचं आधी बघा. मुंबई सोडून बहुतेक राज्याला २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवान्याची वाट पाहावी लागत नाही. मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला देऊन शुल्क भरायचं आणि पोच घ्यायची. ही पोच जपून ठेवा, बँक ती मागते.

कर्ज काढणार असाल तर जागामालकाला सहकर्जदार करून जमीन गहाण ठेवायला बँक सांगते. म्हणजे सत्तरीतल्या सासऱ्यांची जमीन तुमच्या हप्त्यांना बांधली जाते. हे त्यांना नीट समजावून सांगा.

सासरे जमीन नावे करायला तयार नसतील तर निदान लेखी संमतीपत्र घ्या आणि बांधकामाचा खर्च बँकेतूनच करा. परवानगीने कायमचं बांधकाम करून खर्च केला असेल तर ती परवानगी सहजी मागे घेता येत नाही, असं सुविधाधिकार कायदा १८८२ चं कलम ६० सांगतं. पण ते सिद्ध करायला कागद आणि पावत्या लागतात. फक्त मृत्युपत्रावर विसंबून घर बांधू नका, ते हयातीत कधीही बदलता येतं.

सासू-सासऱ्यांचीही काळजी घ्या. बक्षीसपत्रात त्यांना तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळण्याची अट स्पष्ट लिहा. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते दस्त रद्द करून मागू शकतात, आणि हे त्यांना सही करण्याआधीच ठाऊक असायला हवं.