केमिकल पील: आपल्या कातडीला हलकंच बरं

सांगली जिल्ह्यात ऊस आणि द्राक्षं भरपूर, आणि केमिकल पील, म्हणजे डॉक्टर चेहऱ्यावर ॲसिड लावून कातडीचा वरचा थर सोलतात ते, त्यातली बरीच ॲसिडं याच घराण्यातली आहेत. उसात ग्लायकोलिक, द्राक्षात टार्टारिक, आंबलेल्या दुधात लॅक्टिक. फक्त डॉक्टरकडच्या बाटलीतलं ग्लायकोलिक कारखान्यात बनतं, त्याची तीव्रता आणि पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजलेला असतो, म्हणून तर ते चेहऱ्यावर लावता येतं. घरी लिंबू चोळतात त्यात काहीच मोजलेलं नसतं, वर लिंबातल्या, जास्त करून सालीतल्या, काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग राहतात, त्यामुळे कुणी लिंबू चोळून उन्हात गेलेलं बघितलं की जीव तुटतो खरंच.

पील नक्की करतं काय? आपल्या कातडीच्या सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा पातळ थर असतो, तो सतत गळतो आणि खालून नवीन पेशी वर येतात, तरुणपणी या फेऱ्याला साधारण महिना लागतो, वय वाढलं की जास्त. ॲसिड त्या मेलेल्या पेशींना धरून ठेवणारे दुवे सैल करतं, त्या लवकर गळतात आणि खालच्या थराला नवीन पेशी बनवायचा इशारा मिळतो. ॲसिड अजून खोल गेलं तर कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन, बनणंही वाढतं, पण खोल जाणं म्हणजे जखमही मोठी. हे काही आजचं फॅड नाही, जर्मनीच्या उन्ना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं 1882 मध्येच सॅलिसिलिक, फिनॉल, टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) या पीलच्या द्रव्यांचा कातडीवरचा परिणाम लिहून ठेवलाय.

डॉक्टर आधी चेहरा स्पिरिटनं नाहीतर ॲसिटोननं पुसून तेलकटपणा काढतात, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांवर व्हॅसलिन लावतात कारण तिथं ॲसिड साचतं, मग कपाळापासून ब्रशनं लावत खाली येतात. चुणचुणतं, म्हणून पेशंटच्या हातात छोटा पंखा देतात. ग्लायकोलिकला घड्याळ लावावंच लागतं, दोन ते पाच मिनिटांत खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं त्याचं काम थांबवतात, नाहीतर ते आत जातच राहतं. सॅलिसिलिक तेलात मिसळतं त्यामुळे छिद्रांत शिरतं आणि मुरमांना चांगलं, ते सुकलं की चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते, ते नुसते ॲसिडचे कण. टीसीएचा पांढरेपणा मात्र वेगळा, तव्यावर अंड्याचा बलक सोडून बाकीचा भाग पांढरा होतो तशी कातडीतली प्रथिनं गोठलेली असतात, आणि पाण्यानं धुतलं तरी ती पूर्ववत होत नाहीत.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. "डॉक्टर, जरा स्ट्राँगच मारा, पुढच्या आठवड्यात लग्न आहे" असं म्हणायचंच नाही. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं 1975 मध्ये उन्हाला कातडी कशी वागते यावरून तिचे प्रकार मांडले, आता ते सहा धरतात, पहिला सगळ्यात गोरा आणि सहावा सगळ्यात गडद, आणि आपल्याकडचे बरेच लोक चौथ्या पाचव्यात येतात. अशा कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी जखम झाली की जास्तच कामाला लागतात आणि जिथं सोललं तिथंच काळा डाग उठतो, तो जायला महिने लागतात. फिनॉलचं खोल पील तर हृदयाचे ठोके बिघडवू शकतं आणि आपल्या रंगावर कायमचे फिके पट्टे पाडू शकतं. म्हणून हलकं पील, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, चार-सहा वेळा, आणि लग्न असेल तर शेवटचं निदान महिनाभर आधी. मुरमांचे खोल खड्डे यानं भरत नाहीत आणि वांगाचे डाग फिके झाले तरी ऊन लागलं की परत येतात, हे आधीच सांगणारा डॉक्टर चांगला.

डॉक्टरपासून लपवू नये अशी एक गोष्ट म्हणजे मेडिकलमधून आणलेली गोरं करायची क्रीम. बऱ्याच वेळा त्यात स्टिरॉइड असतं, वर्षानुवर्षं लावून कातडी पातळ झालेली असते आणि तिच्यावर नेहमीचं पीलसुद्धा जड जातं. मुरमांच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर तापाचे फोड येत असतील, दिवस राहिले असतील तर तेही सांगायचं.

तासगाव, कवठेमहांकाळकडं बेदाण्याच्या शेडवर नाहीतर बागेत दिवसभर राबणाऱ्या बाईनं फेब्रुवारी ते एप्रिल पील करूच नये असं माझं मत, डोक्याला स्कार्फ असला तरी ऊन खालून परावर्तित होऊन तोंडावर येतंच. काम कमी असेल तेव्हा, पावसाळ्यात करावं, तरी ढगातूनही अतिनील किरणं येतात त्यामुळे सनस्क्रीन सोडायचं नाही, आणि वांग असेल तर आयर्न ऑक्साइडवालं रंगीत सनस्क्रीन घ्यावं कारण साध्या उजेडानंही वांग गडद होतो. नंतर सुटलेले पापुद्रे नखानं ओढायचे नाहीत, साधं मॉइश्चरायझर लावायचं. दोन-तीन दिवस लाली आणि ताण चालतो, पण फोड आले, पू दिसला किंवा आग वाढतच गेली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा.