बफरचा टक वेगळा आणि क्लॉकचा टक वेगळा

टॅबवर रेकॉर्डिंग करताना मधेच टक्-टक् येतंय असं कुणी म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, बफर (आवाज प्रोसेसरकडे ज्या तुकड्यांनी जातो त्यांचा आकार) वाढव. दुसरं पण ठरलेलं, हा टॅब टाक, आयपॅड घे. वैताग आलाय ह्याचा. निम्म्या वेळा बफरचा काही संबंधच नसतो, आणि आयपॅडवर तोच टक् तसाच येऊ शकतो, फक्त खिशाला जास्त भोक पडून.

गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा तो) जास्त झाला तर आवाज फाटतो, वेव्हफॉर्मची डोकी सपाट कापल्यासारखी दिसतात, त्याला टक् म्हणू नका. मोबाईल शेजारी ठेवल्यावर टर्र-टर्र येतं तेही वेगळं, मोबाईल लांब ठेवा, विषय संपला.

आधी बफर. आवाज तुकड्या-तुकड्यांनी प्रोसेसरकडे जातो, सॅम्पल म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं एक माप; सेकंदाला अशी ४८,००० मापं घेतली तर तो सॅम्पल रेट, बोलताना नुसतं ४८. त्या रेटला १२८ सॅम्पलचा तुकडा म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, तेवढ्यात काम उरकलं नाही की मधे खड्डा पडतो. मागे दहा ॲप चालू, ट्रॅकवर रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) लावलेला, टॅब चार्जिंगला लावून तापलेला, लो पॉवर मोड चालू, ह्यातलं काहीतरी असतं. ॲप बंद करा, बफर २५६ किंवा ५१२ करा, पुढे चला.

आता क्लॉक, म्हणजे सॅम्पल कधी घ्यायचं ते ठरवणारं यंत्राचं घड्याळ. इथे भलेभले अडकतात, आणि अडकतात ते एका वाक्यामुळे: "दोन्हीकडे सॅम्पल रेट ४८ ठेवलाय की मग!" अरे, रेट सारखा असणं आणि क्लॉक एक असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक डिजिटल यंत्रात ह्या घड्याळाला ठोके देणारा स्वतःचा क्रिस्टल असतो, तो सेकंदाला ४८,००० म्हणतो खरा पण असतो किंचित पुढे नाहीतर किंचित मागे. दोन टाळकरी वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, दोघांना सांगा ह्याच लयीत वाजवा, पहिली पाच मिनिटं झकास वाटेल, मग हळूहळू एकजण पुढे गेलेला असेल. दोघांचीही लय चुकलेली नसते, फक्त एकमेकांचं ऐकत नसतात, बस.

आकड्यात सांगायचं तर समजा दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखात ५० चा फरक आहे, म्हणजे काहीच नाही. पण ४८,००० वर तो सेकंदाला २.४ सॅम्पल होतो. डिजिटल केबलने जोडलेल्या दोन यंत्रांत हे जास्तीचं सॅम्पल ठेवायला जागा नसते, ते गळतं किंवा दोनदा वाजतं, आणि दर ०.४ सेकंदाला एक बारीक टक्, घड्याळासारखा नियमित.

मी स्वतः ह्यात पूर्ण संध्याकाळ घालवलीय. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं, इंटरफेसला (माईक टॅबला जोडायचा डबा) माईकची दोनच तोंडं म्हणून आठ माईकचा प्रीॲम्प (माईकचा आवाज वाढवणारं यंत्र) ऑप्टिकल केबलने जोडला, दोन्ही ४८ वर, खूश. पेटीच्या लांब सुरावर टक्-टक्-टक्. बफर वाढवत वाढवत २०४८ पर्यंत नेला, तरी टक् तेवढ्याच वेगाने. केबल बदलली, ॲप बदललं, एका काकांनी पंखा बंद करून पाहिला. शेवटी इंटरफेसच्या सेटिंगमध्ये क्लॉक सोर्स इंटर्नल होता तो ऑप्टिकल केला, आणि त्या क्षणाला बंद. दोन्ही यंत्रं आपापल्या घड्याळावर चालली होती, एकाने दुसऱ्याचं ऐकायला लागणं एवढंच हवं होतं. आणि गंमत म्हणजे बायाँच्या ट्रॅकवर काहीच ऐकू येत नव्हतं, कारण खर्जात लाट हळू चढते, एक सॅम्पल गळलं तर उडी छोटी पडते. बासरी, पेटीचा तार सप्तक, तिथे मात्र लगेच टोचतं.

दुसरा प्रकार अँड्रॉइडवाल्यांचा, ह्यात कसली डिजिटल केबल पण नसते. यूएसबी माईक लावलाय आणि हेडफोन मात्र टॅबच्या जॅकमध्ये. म्हणजे आत येणारा आवाज माईकच्या क्रिस्टलवर आणि बाहेर जाणारा टॅबच्या. मधे ॲप थोडा साठा ठेवतं, तो साठा भरत जातो किंवा आटत जातो आणि टोकाला गेला की टक्. आता वरचाच फरक धरा: २५६ सॅम्पलचा साठा पावणेदोन मिनिटांत संपतो, १०२४ चा सात मिनिटांच्या आसपास. आलं लक्षात? बफर वाढवला की हा साठा वाढतो आणि टक् लांब जातो, तुम्ही तीन मिनिटं टेस्ट करता, म्हणता सुटला प्रॉब्लेम, आणि खऱ्या टेकमध्ये सातव्या मिनिटाला नेमका अंतऱ्यावर येतो. "बफर वाढव" वाल्यांना उपाय लागू पडल्यासारखा वाटतो तो ह्यामुळे. हेडफोन माईकच्याच किंवा इंटरफेसच्याच जॅकमध्ये लावा, एक क्रिस्टल, मिटलं. ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्डिंग करणाऱ्यांशी मी ह्या विषयावर बोलत नाही.

ओळखायचं कसं? शांतता रेकॉर्ड करून टेस्ट करतात लोक, ते साफ चूक, शून्यातून एक शून्य गळलं तर काय ऐकू येणार. पेटीचा एक सूर दाबून धरा, दोन-चार मिनिटं. मग फाईल दोनदा ऐका, टक् दर वेळी त्याच जागी आला तर तो फाईलमध्ये आहे, जागा बदलली तर रेकॉर्डिंग ठीक आहे आणि वाजवताना घोळ होतोय. फाईलमध्येच असेल तर टक्-टक् मधलं अंतर मोजा. अंतर सारखं, तर बहुतेक क्लॉक. कसंही, आणि स्क्रीनवर बोट फिरवलं की वाढतं, तर बफर. झूम करून पाहिलं तर बफरच्या जागी बऱ्याचदा सपाट खड्डा किंवा तोच तुकडा परत चिकटलेला दिसतो, गळलेल्या सॅम्पलला खड्डा नसतो, रेघ एकदम उडी मारते.

रेटच वेगळा असेल, म्हणजे ४४,१०० ची फाईल ४८,००० समजून वाजली, तर सूर जवळपास दीड सेमीटोन चढतो, काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी लटकतं. ते कुणाच्याही कानाला कळतं. मी सगळीकडे ४८ ठेवतो, गॅरेजबँडमध्ये काम असेल तेव्हाच ४४.१, कारण ते दुसरं काही घेतच नाही.

आणि टक् काढायचं प्लगइन मारून मोकळे होणारे, त्यांनी निदान तबल्याचा ट्रॅक वगळावा, चाट्यांचा, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या कडक आघातांचा, जीव जातो त्यात.