लोकसभा मतदारसंघ, मराठवाड्यातील

मराठवाड्यातून लोकसभेवर आठ खासदार निवडून जातात. हिंगोली, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद, बीड, लातूर आणि उस्मानाबाद हे त्यांचे मतदारसंघ. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही जिल्ह्यांची नवी नावे रूढ झाली असली, तरी २०२४ ची निवडणूक या दोन मतदारसंघांच्या जुन्याच नावांनी झाली. लोकसभेच्या ५४३ निर्वाचित जागांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ आहेत.

जिल्हे आठ आणि खासदारही आठ, त्यामुळे जिल्ह्याला एक खासदार असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. इथल्या प्रत्येक लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात आणि ते सगळे एकाच जिल्ह्यातले असतात असे नाही. औसा लातूर जिल्ह्यात आहे. तिथल्या माणसाचा जिल्हाधिकारी लातूरला बसतो, पण मत उस्मानाबादच्या खासदारासाठी पडते. त्याच मतदारसंघात सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आहे. नांदेड जिल्ह्यातले लोहा लातूरला जोडलेले, तर किनवट आणि हदगाव हिंगोलीला. हिंगोलीत यवतमाळचे उमरखेडही आहे. जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगी परभणीत मोडतात. अशा टोकाच्या तालुक्यांना दोन्हीकडून दुर्लक्षाचा धोका असतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा.

या सीमा २००८ च्या परिसीमनाने ठरल्या. त्याच वेळी अनुसूचित जातींसाठीचे आरक्षण उस्मानाबादवरून उठून लातूरला आले. सीमा आखताना २००१ च्या जनगणनेचा आधार घेतला गेला. राज्याच्या एकूण जागा मात्र १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या होत्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन घातले आणि ८४ व्या दुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवले.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७ ला ते औरंगाबादचे खासदार झाले. निजामाच्या राजवटीतून सुटून दहा वर्षेही झाली नव्हती, तोवर इथला सामान्य माणूस दोनदा दिल्लीला आपला प्रतिनिधी पाठवून मोकळा झाला होता.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला मत देता येते. उमेदवाराचे वय किमान पंचवीस लागते. सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. औरंगाबादेत २०१९ साली विजेत्याला ३,८९,०४२ आणि दुसऱ्याला ३,८४,५५० मते पडली. तिसऱ्यानेही २,८३,७९८ मते घेतली. म्हणजे ४,४९२ मतांवर खासदार ठरला आणि बहुसंख्य मतदारांनी दिलेली मते इतरांच्या पारड्यात राहिली. बीडमध्ये २०२४ ला फरक ६,५५३ मतांचा होता. घरी बसलेल्या मतदाराने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत.

राज्यसभेचे गणित निराळे. महाराष्ट्राच्या १९ जागा विधानसभेचे आमदार पसंतीक्रमाने भरतात. तिथे विभागवार वाटणी नाही, त्यामुळे २८८ पैकी ४६ आमदार असलेल्या मराठवाड्याला निश्चित वाटा मिळत नाही.

खासदाराकडे लोक रस्ता, पाणी, पीकविमा, सगळेच मागतात. रेल्वे हा मात्र निखळ केंद्राचा विषय, आणि मराठवाड्याच्या खासदारांची खरी परीक्षा तिथे होते. नांदेड विभाग सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेत आला, त्याबद्दलची नाराजी जुनी आहे. नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावर बीडपर्यंत गाडी धावायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. पाणी हा मुख्यतः राज्याचा विषय आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, याला महाराष्ट्राचा २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा लागू होतो. तो बदलायचा तर विधिमंडळातच बदलावा लागेल, आणि त्यासाठी आमदाराचे दार ठोठावावे लागते.