कीटकनाशकाची विषबाधा आणि तांबड्या पेशीची साक्ष

कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण आणला की डॉक्टर आधी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहतात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते. तोंडातून लाळ, दरदरून घाम, छातीत घरघर आणि कातडीखाली स्नायूंची फडफड. ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषाची ओळख. ॲसिटिलकोलीन हे रसायन मज्जातंतूचा निरोप स्नायूंना नि ग्रंथींना पोचवतं, आणि काम झालं की ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करून टाकतं. विष नेमकं या विकरालाच जखडतं. निरोप थांबतच नाही.

पण त्याच वेळी पेशींच्या आत एक जळीत सुरू होतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अखंड फडफडणारे स्नायू आणि झटके येणारा मेंदू ऊर्जा मागत राहतात. छाती स्रावांनी भरल्यामुळे प्राणवायू मात्र कमी पडत असतो. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांचं गणित बिघडतं, इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात, प्राणवायूला चिकटतात आणि सुपरऑक्साइडसारखे आततायी कण तयार होतात.

असे थोडे कण निरोगी शरीरातही रोज तयार होतात. ते निस्तरायची सोयही असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं (त्याचं हे काम 1969 साली उलगडलं), आणि कॅटालेज त्याचं पाणी आणि प्राणवायू करतं. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर जो पांढरा फेस येतो ना, तो कॅटालेजचाच प्रताप. जोडीला ग्लुटाथिऑन हे असे कण निस्तरणारं पेशीतलं रसायन असतं. कणांची आवक या साऱ्यांना आवरेनाशी झाली की तिला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

मग पेशीच्या पातळ, स्निग्ध आवरणाला झळ लागते. स्निग्धाम्लं तुटतात आणि मॅलोनडायअल्डिहाइड नावाचा तुकडा उरतो. रक्तद्रवात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळी तापवली की या तुकड्यामुळे गुलाबी रंग चढतो. रंग जितका गडद, तितकं नुकसान जास्त. ही चाचणी तशी ढोबळ आहे, इतर काही पदार्थही तिला रंग देतात. तरीही पेशीत लागलेली आग नळीत डोळ्यांना दिसावी, हे मला विलक्षण वाटतं.

मग हा ताण कमी करणारी व्हिटॅमिन ई किंवा एन-ॲसिटिलसिस्टीनसारखी औषधं देऊन भागेल का? पॅरासिटामॉलच्या विषबाधेत एन-ॲसिटिलसिस्टीन खरोखर जीव वाचवतं, म्हणून इथेही त्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते अजून नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही. जीव वाचवतात ते मोकळा श्वासमार्ग, प्राणवायू आणि ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखणारं ॲट्रोपिन हे औषध, तेही वेळेवर. विष अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून कातडी साबण-पाण्याने धुवायची, उलटी करवायची नाही आणि थेट रुग्णालय गाठायचं. घरगुती उतारे शोधण्यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

या सगळ्याची साक्ष रक्तातली तांबडी पेशी देते. तिच्या पृष्ठभागावर ॲसिटिलकोलिनेस्टरेज असतं आणि पोटात सुपरऑक्साइड डिसम्युटेज नि कॅटालेज, म्हणजे विषाचे दोन्ही घाव एकाच थेंबात तपासता येतात. पण तिला केंद्रक नसतं, त्यामुळे कायमचं निकामी झालेलं विकर ती नव्याने बनवू शकत नाही. तिचं आयुष्य सुमारे 120 दिवसांचं. रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी त्याच्या रक्तातलं हे विकर, जुन्या पेशी मरून नव्या येतील तसतसं, कित्येक आठवडे हळूहळू भरून येत राहतं.