नाका आणि खराटा

रत्नागिरी, चिपळूण आणि वेंगुर्ला या तिन्ही नगरपालिका १८७६ सालच्या. म्हणजे २०२६ मध्ये तिघींना दीडशे वर्षं होतात. अशा वेळी कमान उभारतात, स्मरणिका काढतात, स्मरणिकेत माजी नगराध्यक्षांचे फोटो ओळीनं छापतात. गटारं काढणाऱ्यांचे, कंदील पेटवणाऱ्यांचे, नाक्यावर पावती फाडणाऱ्यांचे फोटो कुणी काढलेच नव्हते, त्यामुळे छापायचा प्रश्न येत नाही. पण कोकणातल्या लहान शहराची नगरपरिषद आज अशी का आहे, पैशाला सरकारकडे डोळे का लावते, तिची निम्मी कामं ठेक्यावर का चालतात, हे समजायला त्या फोटोंपेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात. एक जकात नाका, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर कर घेणारी चौकी, दुसरा खराटा. पहिल्यातून पैसा यायचा, दुसऱ्यावर काम चालायचं.

१८५० चा नगरपालिकांचा कायदा होता, पण तो ऐच्छिक. गावाला हवी तर नगरपालिका. स्वतःवर कर लावून घ्यायला कोण हात वर करणार? मुंबई इलाख्यात खरी वाढ झाली ती १८७३ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानंतर. १८७६ च्या या नगरपालिका त्याच लाटेतल्या. त्या काळी नगरपालिका म्हणजे कलेक्टरच्या हाताखालची आणखी एक कचेरी असे. १८ मे १८८२ ला लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८४ मध्ये इलाख्याचा कायदा त्यानुसार बदलला आणि मर्यादित का होईना, निवडणुकीला जागा झाली. मतदार अर्थातच कर भरणारे. नगरपालिका कुणाची, हे तिथं ठरून गेलं.

पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच निघालं: जकात. घरपट्टी वसूल करायची तर दारात माणूस पाठवावा लागतो, आणि दारात आलेल्या माणसाशी भांडता येतं. जकात मात्र तांदळाच्या, गुळाच्या, कापडाच्या भावात मुरून जाते, कुणी भरली ते दिसतही नाही. कोकणात तर ते आणखी सोपं, कारण माल यायचा तो समुद्रानं. बंदरात गलबत लागलं की मालाला शहरात शिरायला ठरावीक वाटा. पुढे गाडीरस्ते झाले आणि नाके शहराच्या वेशीवर आले. आमच्या लहानपणी वेशीवरच्या नाक्यावर बांबूचा आडणा असे. ट्रक थांबे, क्लीनर उडी मारून बिलांचा गठ्ठा घेऊन खिडकीशी जाई, आतला कारकून चष्म्यावरून बघत एकेक ओळ तपासे. रात्री दोन वाजतासुद्धा त्या खोलीत दिवा असायचा. नगरपालिकेच्या कचेरीला सुट्टी असली तरी नाक्याला नसे, कारण पगार तिथून निघायचा.

आता खराट्याकडे. दिवाबत्ती, रस्ते, बाजाराची झाडलोट ही कामं कुणालाही सांगता येत होती. मैल्याचं तसं नव्हतं. 'परसाकडे जाणे' हा शब्दच सांगतो की कोकणात घरामागं मोकळी जागा होती, आडोसा होता, आणि ऐसपैस आवाराच्या वाडीत मैला हा कुणाच्या नोकरीचा विषय नव्हता. प्रश्न आला तो बाजारपेठेत, जिथं घराला घर लागून होतं. तिथं टोपलीचे संडास आले. मागच्या बोळात उघडणारं एक लहान दार, आत टोपली किंवा डबा, आणि पहाटे तो उपसून नेणारा माणूस. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिकांनी या कामासाठी गुजरात-काठेवाडाकडून, राजस्थानातून, उत्तरेकडून माणसं आणली आणि त्यांना गावाच्या कडेला चाळी बांधून दिल्या. काम जातीनं ठरलेलं, जात कामानं ठरलेली, आणि राहायची खोली नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की छप्पर गेलं. ही गाठ पुढे शंभर वर्षं सुटली नाही. आजच्या बऱ्याच मागण्यांच्या मुळाशी तीच आहे.

रत्नागिरीचा सामाजिक इतिहास सांगताना सगळे पतितपावन मंदिरापाशी थांबतात. सावरकर १९२४ ते १९३७ इथं स्थानबद्ध होते, भागोजीशेठ कीरांनी मंदिर बांधलं, ते १९३१ साली सर्वांना खुलं झालं. हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच याच गावच्या तुरुंगात घडलेली गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन तेव्हा राजकीय कैदी होते. तुरुंगातलं भंगीकाम मला द्या, अशी त्यांनी मागणी केली. तुरुंगाच्या नियमांत ते काम जातीनं वाटलेलं, त्यामुळे ब्राह्मण कैद्याला ते देता येईना. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. बातमी येरवड्याच्या तुरुंगात पोचली आणि ३ डिसेंबर १९३२ ला गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. सरकारनं विचार करण्याचं आश्वासन दिलं तेव्हा तो थांबला. एका माणसाला दुसऱ्याची घाण काढायची परवानगी मिळावी म्हणून दोन तुरुंगांत दोन उपवास! आज ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यातला मुद्दा सरळ होता. हे काम असं असेल की ते फक्त एकाच जातीनं करायचं, तर दोष करणाऱ्यात नाही, कामाच्या रचनेत आहे. ती रचना बदला.

अप्पासाहेबांचं मोठेपण मला उपवासापेक्षा त्यानंतरच्या खटाटोपात जास्त दिसतं. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि तिथं संडासाचे प्रयोग केले. मैल्याचं खत व्हावं, उपसणाऱ्याला हात लावायला लागू नये, आणि गरिबाला परवडावं, असा संडास. 'गोपुरी संडास' हे नाव त्यातूनच रूढ झालं. भाषणं देणारे पुष्कळ होते. खड्डा किती खोल खणायचा आणि किती दिवसांनी उघडायचा, याचा विचार करणारे थोडे.

सरकारी पातळीवरही हालचाल झाली. १९४९ मध्ये मुंबई सरकारनं सफाई कामगारांच्या परिस्थितीच्या चौकशीसाठी वि. ना. बर्वे यांची समिती नेमली. डोक्यावरची टोपली जावी, निदान हातगाडी यावी, असा तिच्या सांगण्यातला एक भाग होता. केंद्राच्या मलकानी समितीनं १९६० मध्ये तेच अधिक सविस्तर सांगितलं. टोपली डोक्यावरून गाडीवर यायला दोन समित्या आणि दहा-अकरा वर्षं. शहरागणिक तर ती आणखी उशिरा उतरली. मैला वाहून नेण्यास बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा अधिक कडक २०१३ चा.

दरम्यान महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा केला. १९६५ चा नगरपरिषद कायदा आजही लागू आहे. त्यानं नगरपालिकेची 'नगरपरिषद' केली, लोकसंख्येनुसार अ, ब, क असे वर्ग पाडले आणि राज्याच्या सेवेतला मुख्याधिकारी प्रशासनाच्या डोक्यावर बसवला. रत्नागिरी ब वर्गात, वेंगुर्ला क वर्गात. पुढे सफाई कामगारांच्या प्रश्नांवर लाड समिती आली. तिच्या शिफारशी १९७५ मध्ये शासनानं मान्य केल्या, आणि पागे समितीची भर पडून 'लाड-पागे' हा जोडशब्द तयार झाला. सफाई खात्यात आजही तो रोज कानावर पडतो. मथितार्थ असा की सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला, तर त्याच्या वारसाला नोकरी.

या तरतुदीवर माझं मन अजून एका बाजूला झुकत नाही. ज्या घराला दुसरं काम कुणी देत नव्हतं, राहती खोलीही नोकरीबरोबर जायची, त्या घराला हा आधार होता, यात शंका नाही. पण खराटा बापाकडून मुलाकडे जाण्याची सोय सरकारी कागदावर आली, हेही खरं. बी. कॉम. झालेला मुलगा अनुकंपेच्या रांगेत न लागता वारस हक्कानं झाडूवर लागतो, कारण कायम नोकरी म्हणून तीच एक समोर असते. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयानं या तरतुदी एकत्र केल्या, आणि लगेच प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं.

कायम नोकरी इतकी दुर्मीळ झाली कशी, हे कळायला परत नाक्यावर यावं लागतं. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांची जकात बंद झाली. व्यापाऱ्यांची मागणी जुनी होती, नाक्यांवरच्या खाबूगिरीच्या कहाण्याही खऱ्या होत्या, आणि कोकण रेल्वे सुरू होऊन दीडेक वर्ष झालेलं असल्यानं मालाच्या वाटाही बदलत होत्या. आडणे निघाले. नाक्यावरचे कारकून घरपट्टीत, पाणीपट्टीत, जन्म-मृत्यूच्या टेबलावर सामावले गेले. बदल्यात राज्यानं सहायक अनुदान सुरू केलं. वरवर पाहता हिशेब जुळला. पण नाक्याचा पैसा रोज यायचा आणि बाजार वाढला की वाढायचा, अनुदान मुंबईतून येतं आणि यायचं तेव्हा येतं. पगाराची एक तारीख तेव्हापासून डळमळली. ७४ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ मध्ये शहरांना स्वराज्य देऊ केलं होतं. सहा वर्षांत लहान शहरांच्या स्वराज्याची थैली सरकारजमा झाली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

त्यात ३५ टक्क्यांचा नियम. आस्थापना खर्च, म्हणजे पगारांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर असेल तर नवी भरती नाही. क वर्गाच्या नगरपरिषदेला स्वतःचं उत्पन्नच तुटपुंजं असल्यानं हा आकडा ओलांडायला काही उधळपट्टी करावी लागत नाही. मंजूर आकृतिबंधातली, म्हणजे पदांच्या आराखड्यातली, पदं रिकामी राहत गेली, शहर मात्र पसरत गेलं. मग घंटागाडी ठेक्यावर, गटारसफाई ठेक्यावर, पथदिव्यांची दुरुस्तीही ठेक्यावर. आज एकाच रस्त्याच्या दोन कडा झाडणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला वेतन आयोग आणि दुसऱ्याला किमान वेतन, तेही ठेकेदाराच्या हातून, असं चित्र राज्यभर आहे. मुकादम दोघांचा एकच.

पाण्याचं खातं त्या मानानं उशिरा मोठं झालं. कोकणात आवाराआवारात विहीर, त्यामुळे नळाचं पाणी ही पूर्वी चैन होती. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारा जांभ्याचा सडा, म्हणजे कातळी पठार, एप्रिलमध्ये कोरडाठाक पडतो. पाणी झिरपतं आणि खाडीला जातं. वस्ती सड्यावर चढली आणि विहिरी पुऱ्या पडेनात. रत्नागिरीला आधी पानवलचं धरण, मग प्रामुख्यानं शीळचं. उन्हाळ्यात दिवसाआडचा फतवा निघाला की शहरातला सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी म्हणजे व्हॉल्व्हमन. छातीएवढी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो स्कूटरवरून येतो, रस्त्यातलं झाकण उचकटतो, चावी आत घालून मोजून फेरे देतो. कुठल्या पाखाडीला किती फेरे, हे कुठल्याही नकाशावर नाही. जुन्या व्हॉल्व्हमनकडून नव्याकडे ते तोंडी जातं. एक निवृत्त झाला आणि त्याच्या जागी माणूस भरला नाही, तर वरच्या आळीला महिनाभर पाणी का चढत नाही याचा उलगडा इंजिनिअरलाही होत नाही.

वेंगुर्ल्याचं उदाहरण इथं वेगळं काढून सांगायला हवं. जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव. स्वच्छ भारत अभियानाच्या सुरुवातीच्या वर्षांत, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचरा दोनच नव्हे तर वीसहून जास्त प्रकारांत वेगळा करायला सुरुवात झाली. ओल्याचा गॅस आणि खत, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात, पालापाचोळ्याच्या जळणाच्या कांड्या. जुन्या डम्पिंगच्या जागेला 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' असं नाव मिळालं आणि ती बघायला लोक सहली काढून आले. याचं श्रेय सहसा एका अधिकाऱ्याला किंवा यंत्रांना दिलं जातं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. वर्गीकरण घरातच झालं, तर गाडीवरच्या माणसाला दुसऱ्याच्या उष्ट्यात हात घालावा लागत नाही. अप्पासाहेबांनी संडासाबद्दल जे म्हटलं, तेच इथं कचऱ्याबद्दल झालं: करणारा नव्हे, रचना बदला. अधिकारी बदलून जातात, आणि अशी शिस्त त्यांच्यामागं किती टिकते ते प्रत्येक शहराचं वेगळं असतं.

निवडून आलेल्यांचं काय? २०२१ च्या अखेरीस मुदती संपल्या, आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि कोकणातल्या अनेक नगरपरिषदांवर जवळपास चार वर्षं प्रशासक राहिले. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. मधल्या काळात दारात येणारी घंटागाडी, नळाला येणारं पाणी आणि जळणारा-विझणारा दिवा, एवढीच लोकांना दिसणारी नगरपरिषद होती.

आमच्या आळीत झाडायला येणारी बाई ठेक्यावरची. ठेकेदाराकडून मिळणारा प्लास्टिकचा झाडू तिला पसंत नाही. पावसात रस्त्याला चिकटलेली पानं त्यानं निघत नाहीत, म्हणते. तिला हिराचा खराटा लागतो. आमच्या परसात दोन माड आहेत. झावळ पडल्याचा आवाज झाला की दुसऱ्या दिवशी ती गडग्यापाशी उभी असते. "वैनी, झावळ पडली काय? ठेवा हां, जाताना नेते." दुपारी काम संपल्यावर पायरीवर बसून ती पात सोलते, हीर काढते, मूठ बांधते. एका झावळीत पुरे होत नाहीत. तीन लागतात.