पार्श्वभूमी : वयाबरोबर मेंदूतल्या पेशी मरतात, हा समज कुठून आला?

१९५५ मध्ये हॅरॉल्ड ब्रॉडी यांनी वेगवेगळ्या वयांच्या मृत माणसांच्या मेंदूच्या कापांतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. वृद्धांच्या मेंदूच्या बाह्यस्तरात चेतापेशी बऱ्याच कमी दिसल्या. पुढची तीसेक वर्षं हेच प्रमाण मानलं गेलं, आणि पेशी गेल्या म्हणून स्मृती गेली अशी सोपी सांगड बसली.

गोम मोजणीत होती. ठरावीक जागेत किती पेशी दिसतात, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधला जाई. पण काप करण्याआधी मेंदूवर रसायनांची प्रक्रिया करतात, त्यात तो आकसतो. तरुण मेंदू म्हाताऱ्या मेंदूपेक्षा जास्त आकसतो, हे हर्बर्ट हाउग यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. आकसलेल्या मेंदूत पेशी दाटीवाटीनं दिसणारच! म्हणजे फरकाचा मोठा भाग प्रयोगशाळेतच तयार होत होता. याच सुमारास आकसण्यामुळे होणारी चूक टाळून एकूण पेशी मोजायच्या नव्या पद्धती आल्या. त्यांतून १९९७ मध्ये वीस ते नव्वद या वयात माणसाच्या बाह्यस्तरातली घट जेमतेम १० टक्के निघाली.

माणसाच्या बाबतीत एक अडचण उरतेच. सुप्त अवस्थेतला अल्झायमर आणि निव्वळ वार्धक्य वेगळं काढणं अवघड. म्हणून ऱ्हीसस माकडं महत्त्वाची ठरली. त्यांचं एक वर्ष माणसाच्या साधारण तीन वर्षांएवढं, आणि स्मृती तर उतारवयात त्यांचीही मंदावते. बोस्टन विद्यापीठात ॲलन पीटर्स यांनी वर्षानुवर्षं अशा माकडांचे मेंदू तपासले. बहुतेक भागांत पेशी जागच्या जागी होत्या. बिघाड होता तो चेतातंतूंवरच्या मायेलिन नावाच्या स्निग्ध वेष्टनात. (पेशी मुळीच जात नाहीत असं मात्र नाही, २००४ मध्ये कपाळामागच्या एका लहान भागात स्पष्ट घट आढळली.)

जॉन मॉरिसन यांच्या गटानं आणखी बारकाईनं पाहिलं. पेशींच्या शाखांवर सूक्ष्म काट्यांसारखे उंचवटे असतात, शेजारच्या पेशींचे संदेश तिथे पोचतात. वृद्ध माकडांत त्यांतले बारीक, लवचीक काटे विशेष कमी झाले होते, आणि नवं शिकण्यातली अडचण या घटीशी जुळत होती.

२०११ मध्ये येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांच्या गटानं जिवंत माकडांतल्या पेशींची नोंद घेतली. माकडाला दाखवलेली खूण डोळ्यांआड झाल्यावरही तिची जागा लक्षात ठेवण्यासाठी काही पेशी संदेश सोडत राहतात. वयाबरोबर त्या मंदावल्या होत्या. त्या पेशींपाशी ठरावीक औषधं सोडताच त्यांचा वेग पुन्हा वाढला.