बगॅसची ताटे व डबे

ऊस गाळल्यावर उरलेल्या चिपाडाचा लगदा करून, तो साच्यात घडवून, दाबून व वाळवून केलेली एकदाच वापरायची ताटे, वाट्या आणि झाकणाचे डबे. साखर कारखान्यात या चिपाडाला बगॅस म्हणतात. लगद्याची भांडी ही कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात मार्टिन कीज यांनी १९०३ साली लाकडाच्या लगद्याची ताटे करणारी कंपनी काढली. भारतात अंड्यांचे ट्रे रद्दी कागदाच्या लगद्यापासून याच तत्त्वावर बनतात.

एक टन उसामागे साधारण २५० ते ३०० किलो बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणीच असते. त्याला ‘टाकाऊ’ म्हणण्याची पद्धत आहे, पण महाराष्ट्रात ते फारसे खरे नाही. कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, आणि लगदा करणाऱ्याला या सहवीजनिर्मितीशी स्पर्धा करूनच माल मिळवावा लागतो. शिवाय गळीत हंगाम काही महिन्यांचा, लगद्याचा कारखाना बारमाही. म्हणून बगॅसचे डोंगर साठवावे लागतात. ते कोरडे पडले तर आगीची भीती. बुरशी धरली तर तिच्या धुळीने कामगारांना ‘बगॅसोसिस’ हा फुप्फुसाचा आजार होतो.

उसाच्या पेराच्या आतला भुसभुशीत गर तंतू नसतो. वजनाने सुमारे तिसरा हिस्सा असलेला हा भाग आधी झोडपून, चाळून काढतात. तो राहिला तर रसायने पितो आणि पुढे साच्यातून पाणी लवकर निथळू देत नाही. उरलेले तंतू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, दाबाखाली, १६० ते १७० अंश सेल्सिअसला शिजवतात. तंतूंना चिकटवून ठेवणारे लिग्निन विरघळून काळ्या पाण्यात जाते, तंतू मोकळे होतात. मग धुणे आणि हवे असल्यास विरंजन, म्हणजे रंग घालवून पांढरे करणे. विरंजन न केलेली ताटे तपकिरी दिसतात, एवढाच डोळ्यांना जाणवणारा फरक.

खरी कसोटी पाणी काढण्याची. घडणीच्या टाकीत लगदा इतका पातळ करतात की त्यात तंतू शेकडा एक किंवा त्याहूनही कमी असतात. भोके असलेला, वर बारीक जाळी बसवलेला साचा त्यात बुडतो. मागून निर्वात पंप पाणी ओढतो आणि जाळीवर तंतूंचा सारखा थर बसतो. या ओल्या ताटात अजून तीन चतुर्थांश पाणी असते. ते तापलेल्या जोडसाच्यात दाबले की वाफ निघते, तंतू जवळ येतात आणि हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. डिंक किंवा गोंद लागत नाही. अंड्यांचे ट्रे असे दाबत नाहीत, नुसते भट्टीत वाळवतात, म्हणून ते खरखरीत राहतात. बगॅसचे ताट उजेडात तिरके धरले तर एका बाजूला अनेकदा जाळीची नक्षी दिसते. कडा कापून निघालेले तुकडे परत टाकीत जातात.

पाणी झिरपू नये म्हणून लगद्यात आल्किल किटीन डायमर हे पाणी अडवणारे रसायन मिसळतात. तेलाला ते पुरत नाही. रस्सा आणि तर्री पेलण्यासाठी बरीच वर्षे पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायने वापरली गेली. ती निसर्गात जवळजवळ कुजतच नाहीत, तेव्हा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या छापावर विसंबू नये. डेन्मार्कने २०२० मध्ये खाद्यपदार्थांच्या कागदी वेष्टनांत त्यांवर बंदी आणली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की तेल अडवण्यासाठीची अशी रसायने तिथे अन्नवेष्टनांसाठी आता विकली जात नाहीत.

महाराष्ट्राची २०१८ची प्लास्टिकबंदी आणि १ जुलै २०२२ पासूनची देशव्यापी बंदी यांनी या मालाला मागणी आली. अयोध्येतील पक्का लिमिटेड (पूर्वीची यश पक्का) या कंपनीची ‘चक’ ही ताटे याच प्रकारची. नुसत्या लगद्याचे ताट कंपोस्टमध्ये कुजते. आतून पॉलिथिनचा पातळ थर दिलेला डबा कुजत नाही, आणि पीएलए या वनस्पतीपासून केलेल्या प्लास्टिकचा थर असेल तर त्याला घरच्या खड्ड्यापेक्षा औद्योगिक कंपोस्टची उष्णता लागते.